स्लाइपनर प्लॅटफॉर्म सॉफ्टवेअरच्या बगमुळे बुडाला नाही

सिव्हिलवाल्यांच्या ग्रुपवर एक मजकूर वरचेवर फिरतो. त्याचा गोषवारा असा: १९९१ मध्ये नॉर्वेचा स्लाइपनर-ए हा समुद्रातून तेल-वायू काढण्यासाठीचा काँक्रीटचा प्लॅटफॉर्म कॉम्प्युटर प्रोग्रॅममधल्या बगमुळे बुडाला आणि सुमारे ७० कोटी डॉलरचं नुकसान झालं. तेव्हा मॉडेलिंगचं (कॉम्प्युटरवर रचना उभी करून हिशेब करण्याचं) कौतुक पुरे, हातची गणितं करा, आणि फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे डिझाइनमध्ये राखलेली जादा ताकद, आहेच. घटना खरी आहे. तिच्यातून काढलेले निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत, आणि तेच डोक्यात घेऊन मुलं डिझाइन ऑफिसात जातात, म्हणून हे उत्तर.

‘बग होता.’ नव्हता. विश्लेषण नॅस्ट्रान या फायनाइट एलिमेंट प्रोग्रॅमवर (रचनेचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून हिशेब करणाऱ्या) झालं होतं, आणि दिलेलं गणित त्याने बरोबर सोडवलं. चूक दिलेल्या गणितातच होती. प्लॅटफॉर्मच्या तळाशी काँक्रीटचे २४ उभे कप्पे होते. तीन कप्पे एकमेकांना भिडतात तिथे मध्ये एक त्रिकोणी पोकळी राहते, तिला ट्रायसेल म्हणतात. ही पोकळी वरून उघडी, म्हणजे तिच्यात समुद्राचं पाणी भरलेलं. शेजारच्या कप्प्यांतलं पाणी मात्र बरंच खाली. सगळा दाब मधल्या भिंतींवर. नेमक्या या कोपऱ्यांत मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, जाड होती (तुकडे मोठे होते) आणि एलिमेंट वेडेवाकडे ताणलेले. त्यांतून काढलेला भिंतीच्या टोकाचा शिअर (भिंत कापू पाहणारं आडवं बल) खऱ्यापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आला. हा आकडा कुणी थांबून तपासला नाही.

तपासणं अवघड होतं का? तुम्हीच करून पाहा. ६५ मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला ६५ टनांहून थोडा जास्त. भिंतीची एक मीटर उंचीची पट्टी घ्या, तिच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या) लांबीने हा दाब गुणा आणि निम्मा करा; हाच टोकाचा शिअर. दोन्ही टोकांना सारखाच आधार आहे, त्यामुळे भार निम्मा-निम्मा वाटला जाणार. भिंत किती ताठ, टोकं किती जखडलेली, याने त्यात काही फरक पडत नाही. समतोलाचा हा नियम पहिल्या वर्षाला शिकवतात.

‘फक्त कॉम्प्युटरचीच चूक.’ हेही नाही. अपघातानंतरच्या चौकशीत दोन कारणं जोडीने पुढे आली: चुकीचं विश्लेषण आणि त्या नाजूक जागी सळ्यांचं अपुरं अँकरेज, म्हणजे काँक्रीटमधली पकड. डोकं असलेल्या सळ्या भिंतीत पुरेशा आतपर्यंत नेलेल्याच नव्हत्या. ही डिटेलिंगची (सळ्यांच्या मांडणीची) चूक ड्रॉइंगवर दिसत होती. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेतल्या स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डात (अरुंद, खोल खाडीत) चाचणीसाठी तळ पाण्यात उतरवत असताना भिंत फुटली. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. तळ सुमारे २२० मीटर खाली आदळला, त्याची नोंद ३ रिश्टरच्या धक्क्याइतकी झाली.

‘म्हणून मॉडेलवर विश्वास नको.’ ग्रुपवरचा मजकूर इथेच सर्वात जास्त दिशाभूल करतो, कारण पुढची गोष्ट तो सांगतच नाही. अपघातानंतर त्याच भिंतीचं विश्लेषण नीट, काळजीपूर्वक मेश करून पुन्हा झालं. त्यात भिंत ६२ मीटरवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे मॉडेल करण्याची पद्धत सक्षम होती. मेश बारीक करत जा, उत्तर स्थिरावतंय का पाहा, आधारांवरची बेरीज एकूण भाराशी जुळवा. या तपासण्या कुठल्याही सॉफ्टवेअरवर होतात आणि त्याला फार वेळ लागत नाही.

‘फॅक्टर ऑफ सेफ्टी असतोच.’ हा समज मला सर्वात धोकादायक वाटतो. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेमध्ये काँक्रीटसाठी १.५ आणि पोलादासाठी १.१५ हे गुणांक आहेत. ते काँक्रीटची ताकद चाचणीच्या घनागणिक थोडी बदलते, सळी जागेवरून जराशी सरकते, अशा चढउतारांसाठी. जवळपास निम्मा शिअर हिशेबातच न येणं यात बसत नाही.

विश्वासार्हतेच्या विश्लेषणालाही, म्हणजे रचना निकामी होण्याची शक्यता मोजण्यालाही, हेच लागू आहे. युरोपीय संहितेत साधारण इमारतींसाठी ५० वर्षांचा विश्वासार्हता निर्देशांक ३.८ धरतात, म्हणजे निकामी होण्याची शक्यता लाखात सुमारे सात. इतकी छोटी संख्या मोजायची तर मॉन्टे कार्लो पद्धतीने ताकद आणि भार यदृच्छेने बदलत मॉडेल लाखो वेळा चालवावं लागतं, किंवा त्याऐवजी जवळपासचं उत्तर देणारी हुशारीची पद्धत वापरावी लागते. हे काम हाताने होत नाही. पण मूळ मेशच चुकीची असेल तर लाख वेळा चालवूनही तीच चूक लाख वेळा येते आणि निर्देशांक छान दिसतो. म्हणून निर्देशांक दाखवणाऱ्या कुणालाही आधी विचारा: आधारांवरची बेरीज जुळली का, आणि मेशमधले तुकडे निम्म्या आकाराचे केल्यावर शिअर किती बदलला?