‘पेलेट स्टोव्ह लावा, बिल विसरा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डची झडती

थंडीची चाहूल लागली की न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेचा ईशान्य कोपरा) मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, दावे तेच. लाकडाचा किंवा पेलेटचा (दाबून केलेल्या भुशाच्या गोळ्यांचा) स्टोव्ह आणा, हीटिंगचं बिल जवळपास शून्य होईल. चिमणी लागत नाही, भिंतीला भोक पाडलं की झालं, शनिवार-रविवारात घरच्या घरी बसतो. वीज गेली तरी घर उबदार. घ्यायचा तर मोठाच घ्या, अख्खं घर तापेल. धूर ‘कार्बन न्यूट्रल’ असतो. वर सरकार ३० टक्के परत देतं.

मी स्टोव्हच्या विरोधात नाही, उलट पक्षातलाच आहे. म्हणूनच हे फॉरवर्ड जास्त खटकतं. स्टोव्ह ही चांगली वस्तू आहे, पण त्यात पेटीपेक्षा चिमणी आणि जळण महत्त्वाचं, आणि या मजकुरात नेमक्या त्या दोनच गोष्टी उडवून लावल्या आहेत.

‘बिल शून्य’

पेलेट फुकट मिळत नाहीत. ४० पौंडांची एक पिशवी, अशा ५० पिशव्यांचा एक टन. एका टनातून, स्टोव्हची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर, साधारण १ कोटी ३० लाख बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता घरात येते. घर तापवणाऱ्या तेलाच्या भट्टीत एवढ्या उष्णतेला ११० ते १२० गॅलन तेल लागतं. म्हणजे टनाला ३५० डॉलर मोजलेत, तर तेल गॅलनला साधारण तीन डॉलरच्या वर असेल तरच फायदा. घरात नैसर्गिक वायूची लाइन असेल तर हिशेब बहुतेक वेळा उलटाच पडतो: तेवढ्याच उष्णतेला १४५ थर्म (बिलावरचं गॅसचं एकक) गॅस पुरतो, आणि थर्म दोन डॉलरला धरला तरी तो ३०० डॉलरच्या आत बसतो. तेल, प्रोपेन किंवा भिंतीच्या तळाशी बसवलेल्या जुन्या विजेच्या हीटरवर (बेसबोर्ड) घर तापवणाऱ्यांनी हा विचार जरूर करावा. गॅसवाल्यांनी हौस म्हणून करावा, बचत म्हणून नाही.

लाकडाचं गणित आणखी फसवं. कॉर्ड म्हणजे नीट रचलेलं १२८ घनफूट लाकूड, ४ बाय ४ बाय ८ फुटांची रास. ‘फेस कॉर्ड’ नावाखाली पुष्कळदा त्याचा तिसरा हिस्साच येऊन पडतो. आणि ‘सीझन्ड’, म्हणजे वाळवलेलं, म्हणून विकलेलं ओकचं लाकूड अनेकदा त्याच उन्हाळ्यात तोडलेलं असतं. ओक फोडून रचल्यावर वाळायला दोन वर्षं सहज लागतात. वीस-तीस डॉलरचा ओलावा मोजायचा मीटर घ्या. ओंडका घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग फोडा, आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर पिना दाबा. बाहेरच्या बाजूवर घेतलेलं माप तुम्हाला खूश करतं, एवढंच. आकडा २० टक्क्यांच्या वर आला तर ते लाकूड पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा. ओलं लाकूड जळत नाही, धुपतं. त्याची बरीच ताकद स्वतःतलं पाणी उकळण्यात जाते, दाराची काच तासाभरात काळी होते, आणि जे काचेवर दिसतं तेच न दिसता चिमणीत वरपर्यंत चढत असतं.

‘चिमणी लागत नाही’

या एका वाक्यासाठी तरी हे फॉरवर्ड थांबायला हवं.

पेलेट स्टोव्हपुरतं त्यात अर्धसत्य आहे. त्याचा धूर पंखा ढकलतो, म्हणून तीन-चार इंची खास पेलेट व्हेंट (धुराची नळी) भिंतीतून आडवा काढता येतो. पण ‘भोक पाडलं की झालं’ असं ते नाही. व्हेंटचं तोंड दार-खिडकीच्या बाजूला किंवा खाली असेल तर त्यापासून चार फूट लांब लागतं, वर असेल तर एक फूट, आणि पायवाटेवर आलं तर सात फूट उंच. शिवाय नळी आडवीच काढली आणि मध्येच वीज गेली, तर पंखा थांबतो, भांड्यात गोळ्या धुमसत राहतात आणि तो धूर परत खोलीत येतो. नळी आधी काही फूट उभी नेली तर धूर निदान स्वतःच्या उष्णतेने वर खेचला जातो. हा साधा फरक खोक्यावरच्या चित्रात नसतो.

लाकडाच्या स्टोव्हला मात्र खरी चिमणी लागतेच, आणि ती छतातून जिथे बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर, तसंच १० फुटांच्या आतल्या कुठल्याही भागापेक्षा २ फूट उंच असावी लागते. घरात जुनी विटांची फायरप्लेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तिचा धूरमार्ग स्टोव्हच्या सहा इंची नळीच्या मानाने ऐसपैस असतो. धूर त्यात मंदावतो, थंड होतो, आणि भिंतींवर क्रिओसोटचा डांबरासारखा चकचकीत थर धरतो. हाच थर पेटला की चिमणीला आग लागते. त्यासाठी आत स्टेनलेस स्टीलचा लायनर (आतली नळी) सोडतात, आणि बऱ्याच घरांत तो खर्च स्टोव्हच्या किमतीच्या जवळ जातो. तेलाच्या भट्टीचा धूर जातो त्याच मार्गात स्टोव्ह जोडणं तर विसराच.

आता आपल्या माणसांची एक खास गोची. आपण विटा-सिमेंटच्या घरांत वाढलो, भिंत पेटते हे आपल्या डोक्यातच येत नाही. इथे भिंत म्हणजे ड्रायवॉलचा (जिप्समचा) पातळ तक्ता आणि त्यामागे लाकडाचे खांब. प्रमाणपत्र नसलेल्या स्टोव्हला ज्वलनशील भिंतीपासून ३६ इंच जागा लागते. प्रमाणित स्टोव्हला त्याच्या पुस्तिकेत दिली असेल तेवढी. ‘मागे टाइल लावली, आता चिकटवून ठेवू’ हे चालत नाही. ड्रायवॉलवर चिकटवलेल्या टाइलमधून उष्णता सरळ आरपार जाते, आणि मागचं लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की हळूहळू कोळशासारखं होतं आणि पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. अंतर कमी करायचंच असेल तर भिंतीपासून इंचभर पोकळी सोडून, खालून-वरून हवा खेळेल असा पत्रा लावावा लागतो. सगळा खेळ त्या इंचभर हवेचा आहे.

आणखी एक, खास आपल्या स्वयंपाकघराचं. नवी घरं हवाबंद असतात. फोडणी घालताना चुलीवरचा मोठा एक्झॉस्ट पंखा सुरू केलात की तो घरातली हवा बाहेर फेकतो आणि तिची भरपाई जिथून मिळेल तिथून करतो. सगळ्यात सोपी वाट स्टोव्हच्या चिमणीची. मग मिरचीचा ठसका बाहेर आणि लाकडाचा धूर आत, सोबत कार्बन मोनॉक्साइड. स्टोव्हला बाहेरची हवा देणारी वेगळी नळी बसवून घ्या, आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

शनिवार-रविवारात स्वतः बसवण्याबद्दल: बहुतेक गावांत परमिट लागतं, इन्स्पेक्टर येऊन बघतो. घराच्या विमा कंपनीलाही आधी कळवा. न कळवता बसवलेल्या स्टोव्हमुळे आग लागली तर दाव्याच्या वेळी काय ऐकावं लागेल, ते सांगायला नको.

‘वीज गेली तरी चालतो’

लाकडाचा चालतो. पेलेटचा नाही. पेलेट स्टोव्हमध्ये ऑगर (फिरता स्क्रू) गोळ्या आत ढकलतो, एक पंखा धूर बाहेर काढतो, दुसरा खोलीत गरम हवा सोडतो, आणि पेटवणारी कांडी सुरुवातीला ३००-४०० वॉट खाते. एकदा पेटला की शंभर वॉटच्या आसपास लागतात. हे फार नाही, बॅटरीवर काही तास निभतं. पण बॅटरी नसेल तर ऐन हिमवादळात तो लोखंडाचा खोका असतो.

‘मोठाच घ्या’

अजिबात नको. मोठा स्टोव्ह लहान खोलीत लावला की पाऊण तासात माणसं खिडक्या उघडतात आणि स्टोव्हची हवा कोंडतात. हवा कोंडली की आग धुपते, आणि क्रिओसोट तिथेच जन्माला येतं. लहान स्टोव्ह दणकून जळलेला बरा. शिवाय उष्णता दारं बंद असलेल्या खोल्यांत जात नाही. अख्खं घर एका कोपऱ्यातून तापवायचा हट्ट धरला आणि भट्टीचा थर्मोस्टॅट स्टोव्हच्याच खोलीत असला, तर भट्टी समाधानाने बंद राहते आणि पलीकडच्या टोकाला भिंतीतले पाण्याचे पाइप गोठतात. एखादा पाइप फुटला की दोन हिवाळ्यांची बचत एका रात्रीत जाते.

‘कार्बन न्यूट्रल’

लाकूड जळताना कार्बन आजच हवेत जातो. तोडलेल्या जागी झाड वाढून तो परत शोषेपर्यंत काही दशकं जातात. करवतीच्या गिरणीत उरलेल्या भुशाच्या पेलेट असतील तर गोष्ट बरीच बरी, जिवंत झाड तोडलं असेल तर नाही. पण शेजाऱ्याला त्रास होतो तो कार्बनचा नव्हे, बारीक धूलिकणांचा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची मे २०२० पासूनची मर्यादा प्रयोगशाळेतल्या चाचणीत तासाला २ ग्रॅम आहे, ओंडक्यांवर चाचणी घेतली तर २.५. जुने स्टोव्ह याच्या कितीतरी पट धूर सोडत. माँट्रियलने तर १ ऑक्टोबर २०१८ पासून २.५ ग्रॅमच्या वरचे स्टोव्ह पेटवायलाच बंदी घातली, वीज बराच वेळ गेली तर तेवढी सूट. घरात कुणाला दमा असेल तर लाकूड नकोच; फार तर पेलेट, तेही डॉक्टरांशी बोलून.

‘३० टक्के परत’

हे एके काळी खरं होतं. किमान ७५ टक्के कार्यक्षमता असलेल्या स्टोव्हवर ३० टक्के, जास्तीत जास्त २,००० डॉलर, इतकी केंद्रीय करसवलत होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्यांसाठी संपली. राज्याची एखादी योजना असेल तर ती वेगळी तपासा, आणि तपासल्यावरच कोटेशनवर सही करा.

कोटेशन मागवताना स्टोव्ह, चिमणी किंवा लायनर, फरशीचं संरक्षण, परमिट आणि दरवर्षीची चिमणी-सफाई असे वेगवेगळे आकडे लिहून घ्या. जो विक्रेता घर न बघता फोनवर एकच आकडा सांगतो, त्याच्या पुढच्या दुकानात जा. आणि राखेसाठी झाकणाचा धातूचा डबा त्याच दिवशी घ्या. राखेत निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात, त्यामुळे तो डबा लाकडी डेकवर नाही, जमिनीवर ठेवायचा.