एका डॉलरमागे १४० डॉलर?

२०१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा संसदेपुढच्या भाषणात म्हणाले, की मानवी जनुकांचा नकाशा तयार करायला घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे अर्थव्यवस्थेला १४० डॉलर परत मिळाले. विज्ञानावर सरकारी पैसा खर्च करावा का, हा वाद निघाला की अजूनही कुणीतरी हा आकडा पुढे करतं. सरकारांनी एकत्र येऊन मूलभूत संशोधनावर सढळ हाताने खर्च करावा असं मला मनापासून वाटतं. आणि म्हणूनच हा आकडा आपण सांगणं बंद करावं, असंही वाटतं.

तो आला बॅटेल या संस्थेच्या २०११ च्या अहवालातून. त्या अहवालासाठी पैसे दिले होते जनुकवाचनाची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिष्ठानाने. अमेरिकन सरकारने ३.८ अब्ज डॉलर घातले, म्हणजे २०१० च्या भावाने ५.६ अब्ज, आणि त्यातून ७९६ अब्ज डॉलरची उलाढाल झाली, असा तो हिशेब. पण या उलाढालीत काय काय धरलंय? जनुकशास्त्राशी संबंधित उद्योगातले पगार, खरेदी, त्या पगारांतून पुढे झालेला खर्च, सगळंच. विहीर खणायला दिलेली मजुरी विहिरीच्या पाण्यात मोजावी, तसं हे झालं. हीच माणसं, हाच पैसा दुसऱ्या कामाला लागला असता तर तिथेही उलाढाल झालीच असती. अर्थशास्त्रज्ञांनी हा आक्षेप तेव्हाच घेतला होता. भाषणात तो आला नाही.

माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच आहे: हा कार्यक्रम झालाच नसता, तर आज आपल्याकडे काय नसतं?

उत्तर द्यायला हा प्रश्न फार अवघड, कारण कार्यक्रम न झालेलं जग आपल्याला बघता येत नाही. गंमत म्हणजे जनुकांच्याच बाबतीत त्या जगाचा एक तुकडा बघायला मिळाला. सहा देशांच्या प्रयोगशाळा १९९० ते २००३ या काळात मानवी जनुकं वाचण्याचं काम सार्वजनिक पैशातून करत होत्या. १९९६ मध्ये बर्म्युडात त्यांनी ठरवलं, की वाचलेली माहिती २४ तासांच्या आत सगळ्यांसाठी खुली करायची. १९९८ मध्ये सेलेरा ही खाजगी कंपनीही शर्यतीत उतरली. काही जनुकं आधी तिने वाचली आणि करार करणाऱ्यांनाच, अटी घालून वापरायला दिली. पुढे सार्वजनिक कार्यक्रमाने तीच जनुकं वाचली तेव्हा ती खुली झाली. म्हणजे काही जनुकं पहिल्यापासून मोकळी, काही थोडा काळ कुलपात. हायडी विल्यम्स या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दोन्ही गटांवर पुढे किती संशोधन झालं, किती चाचण्या बाजारात आल्या, हे तपासलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की कुलपात राहिलेल्या जनुकांवरचं पुढचं काम २० ते ३० टक्क्यांनी कमी पडलं. कुलूप निघाल्यावरही तो फरक लगेच भरून आला नाही.

१४० डॉलरपेक्षा मला हे २० ते ३० टक्के कितीतरी मोलाचे वाटतात. सार्वजनिक पैशाने नेमकं काय विकत घेतलं, ते इथे दिसतं: जनुकं नव्हे, ती कंपनीनेही वाचलीच असती; विकत घेतला तो मोकळेपणा. विल्यम्सबाईंनीच नंतर एका सहकाऱ्याबरोबर जनुकांवरच्या पेटंटचा असाच अभ्यास केला, तर तिथे असा फटका सापडला नाही. आधीच्या निष्कर्षाला सोयीचं नसलेलं उत्तरही तेवढ्याच स्वच्छपणे छापलं. मूल्यमापन म्हणतात ते याला.

शेतीसंशोधनाकडे बघा. जगभरातल्या धान्य आणि कंदपिकांच्या कित्येक सुधारित वाणांमागे सीजीआयएआर नावाचं संशोधन केंद्रांचं जाळं आहे, १९७१ पासून चालणारं, अनेक सरकारांच्या पैशावर. वाण किती पसरलं हे ठरवायला वर्षानुवर्षं तज्ज्ञांचे अंदाज घेतले जायचे किंवा शेतकऱ्यांनाच विचारलं जायचं, तुम्ही कोणतं वाण लावलंय? मग कुणीतरी पानांचे नमुने घेऊन डीएनए तपासायला सुरुवात केली. आफ्रिकेतल्या कसावाच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) पिकात दिसलं, की सुधारित वाण म्हणणाऱ्या कित्येकांच्या शेतात जुनंच आहे, आणि जुनं म्हणणाऱ्यांच्या शेतात सुधारित आहे. चूक दोन्ही बाजूंनी होती. कार्यक्रमाच्या पैशातूनच स्वतःच्या यशाची अशी तपासणी झाली, याचा मला आदर वाटतो. असं तपासणाऱ्यांचे दावे मी जास्त विश्वासाने वाचेन.

आता वेळेचा मुद्दा. बहुतेक निधीसंस्था प्रकल्प संपला की अहवाल मागतात: किती शोधनिबंध, किती पेटंट, किती विद्यार्थ्यांना पीएचडी. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात मोजून सात प्रथिनांच्या रचना होत्या. पाच वर्षांनी कुणी अहवाल मागवला असता तर काय दाखवणार होते? जगभरातल्या प्रयोगशाळांनी पन्नास वर्षं तिच्यात भर घातली, त्या साठ्यावर प्रथिनांच्या रचनांचा अंदाज बांधणारी अल्फाफोल्ड ही कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली शिकली आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. अंटार्क्टिकावरच्या हॅली केंद्रात ओझोन मोजायला सुरुवात झाली आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने, १९५७ च्या सुमाराला. ओझोन विरळ होत असल्याचं त्याच नोंदींवरून १९८५ मध्ये जाहीर झालं आणि दोन वर्षांत ओझोनला मारक रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. त्याच भूभौतिकी वर्षात हवाईच्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली. १९६४ मध्ये निधी कापला गेला म्हणून तिथल्या नोंदींत काही महिन्यांची फट पडली, ती आजही आलेखात आहे. त्या वर्षीचं ते मोजमाप आता कितीही पैसे दिले तरी परत मिळणार नाही.

पण ‘विज्ञानाला वेळ लागतो’ हे वाक्य ढाल म्हणून वापरलं की मला राग येतो. फ्रान्समधल्या ईटर या अणुसंमीलन (हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रकल्पाचा करार २००६ मध्ये झाला. पहिला प्लाझ्मा, म्हणजे यंत्रातला अतितप्त विद्युतभारित वायू, २०१६ मध्ये मिळणार होता, मग २०२५ म्हणाले, आणि २०२४ च्या नव्या वेळापत्रकात प्रत्यक्ष संशोधनाची सुरुवात २०३४ वर गेली. याचं एक कारण विज्ञानाशी संबंधित नाहीच. सात सदस्यांनी वर्गणी मुख्यतः पैशात न देता यंत्राचे भाग बनवून द्यायचं ठरलं, कारण प्रत्येकाला आपल्या कारखान्यांनी हे तंत्र शिकायला हवं होतं. एकाच निर्वात पात्राचे काही भाग कोरियात, काही युरोपात. ते जुळवताना सांध्यांच्या मापात फरक निघाला, दुरुस्तीत वर्षं गेली. म्हणजे खर्च ज्यामुळे वाढला, त्यामुळेच ज्ञान सात ठिकाणी पोचलं. नुसती दिरंगाई मोजली तर शिकणं सुटतं; नुसतं शिकणं मोजलं तर दिरंगाईला पांघरूण मिळतं. ईटरच्या करारात दर दोन वर्षांनी बाहेरच्या माणसाकडून व्यवस्थापनाची तपासणी करून घ्यायची सोय आहे. २०१३ च्या तपासणीने व्यवस्थापनावर कडक ताशेरे ओढले, २०१५ मध्ये नवे महासंचालक आले. वेळेवर झालेलं मूल्यमापन असं उपयोगी पडतं. शोधाचं फळ वीस वर्षांनी मोजा, पण कारभार आजच्या आज तपासा.

आणखी एक गोष्ट या अहवालांत मला नेहमी अपुरी वाटते. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या कार्यक्रमात गरीब देशांतून नमुने, रुग्ण, माहिती गोळा होते आणि विश्लेषण दुसरीकडे होतं. निबंधावर स्थानिक संशोधकाचं नाव कुठेतरी मधे, किंवा नाहीच. अहवालात मात्र ‘सहभागी देश’ या रकान्यात तो देश मोजला जातो. कार्यक्रम गेल्यावर तिथे प्रयोगशाळा चालू राहिली का, तिथल्या माणसांनी स्वतःचा प्रश्न घेऊन पुढचा प्रकल्प उभा केला का, हे विचारायला कुणी परत जात नाही. परत जायला पैसेच ठेवलेले नसतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. करारावर सह्या होतात त्याच दिवशी थोडी रक्कम वेगळी काढून ठेवा, प्रकल्प संपल्यानंतर दहाव्या आणि विसाव्या वर्षी मोजणी करण्यासाठी. तुलना कशाशी करणार हे आधीच लिहून जाहीर करा, म्हणजे नंतर सोयीचा आकडा निवडता येणार नाही. मोजणारा माणूस त्या कार्यक्रमाच्या पुढच्या हप्त्यावर अवलंबून नसावा. आणि त्याने जे लिहिलं ते पूर्ण छापा, न जमलेल्या गोष्टींसकट. तो पैसा ज्यांच्या करातून आला, त्यांना तो अहवाल वाचायचा हक्क आहे.