नॅनो मलमाचा मेसेज आणि शिंगाळ्याचा काटा

ऑगस्टात होड्या दर्यात गेल्या की बंदराच्या वाटेवरच्या माझ्या मेडिकलात जखमा यायला लागतात. शिंगाळ्याचा काटा, कालवांची धार, दोरीने सोललेला तळवा. यंदा बरेच जण जखमेआधी फोन पुढे करतात. गावच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: "नॅनो चांदीचं मलम लावा, अँटिबायोटिकची गरज नाही. जंतूंना चांदीची सवय होत नाही. डायबेटिसची जखमही सात दिवसांत भरते. कोळंबीच्या टरफलांपासून बनलेलं, अपाय शून्य. जखम आधी समुद्राच्या पाण्याने धुवा."

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण जीव तिथे जाऊ शकतो. समुद्राच्या आणि खाडीच्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असू शकतो. मिठाने तो मरत नाही, त्याला मीठ लागतंच. लिव्हर बिघडलेल्या किंवा डायबेटिस असलेल्या माणसाच्या जखमेत तो शिरला, तर एखाद्या दिवसात पाय सुजून काळेनिळे फोड येतात. मग शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागतं, कधी सडलेला भाग कापावा लागतो. रक्तात उतरलेल्या जंतूला वरचं मलम गाठू शकत नाही, कण कितीही बारीक असोत. जखम धुवायची ती नळाच्या वाहत्या पाण्याने आणि साबणाने.

परवा एक तांडेल काका, होडीचे म्होरके, आले. घोट्याभोवती लाली. "कधी लागलं, काका?" "काल पहाटे. मलम दे रे, नॅनोचं." डॉक्टरकडे जा म्हटलं, तर संध्याकाळी बघतो म्हणाले. मी बॉलपेनने लालीच्या कडेकडेने रेघ ओढली, बाजूला वेळ लिहिली, 11. दोन वाजता ते बाजारातून परतले तेव्हा लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर होती. रेघ बघितल्यावर मात्र ते गुपचूप रिक्षात बसले.

आता नॅनोबद्दल. ते औषधाचं नाव नाही, मापाचं आहे. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. केसाची जाडीच 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास. जुन्या जखमेत जंतू बहुधा सुटे नसतात, कातळावरच्या बुळबुळीत शेवाळासारखा चिकट थर करून त्यात बसतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. साधं औषध त्यात पुरेसं मुरत नाही. म्हणून संशोधक अँटिबायोटिक चरबीच्या किंवा पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरतात, म्हणजे ते थरात शिरून हळूहळू सुटावं. म्हणजे कणाच्या पोटात अँटिबायोटिकच असतं, आणि मेसेज म्हणतो त्याची गरज नाही!

या कामाबद्दल मला खरोखर आशा आहे. चरबीच्या कणांतलं अमिकासिन हे अँटिबायोटिक 2018 मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या एका चिवट संसर्गासाठी मंजूरही झालं. जखमांवरचं बरंचसं काम मात्र अजून उंदरांवर आहे. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून मिटते, आपली खालून मांस भरत येते. उंदराचे सात दिवस आपल्याला लागू पडत नाहीत.

चांदीची सवय जंतूंना होते. 1975 सालीच बोस्टनमधल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या औषधाला न जुमानणारा साल्मोनेला नावाचा जंतू सापडला होता.

डायबेटिसच्या पायाला संसर्ग झाला तर चांदीची मलमं वापरू नका, असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. तिथे साखर आटोक्यात लागते, पायाला रक्त पोहोचावं लागतं, जखमेवरचा भार काढावा लागतो. सात दिवस मलम लावत बसलेला माणूस पाय गमावू शकतो.

टरफलांचं अर्धं खरं. कोळंबीच्या टरफलांतून कायटोसान काढतात, रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत ते वापरतातही. पण त्याच मलमात चांदी आहे ना? प्रयोगशाळेत ती नवी कातडी बनवणाऱ्या पेशींनाही मारते.

आणि एवढ्या लांब मेसेजात धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा एक शब्द नाही. काकांना शेवटचं कधी घेतलं ते आठवत नव्हतं.