टायरात पाणी आणि 'मुंबईत बसून' : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या मिनी ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे, म्हणजे माल उचलायची बकेट. त्याला तोल म्हणून मागे लावायचं वजन घरच्या घरी कसं केलं ते मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. अर्धा कापलेला ड्रम, त्यात काँक्रीट, बाजूला दोन पिना, वर टॉप लिंकसाठी (ट्रॅक्टरच्या मागे अवजार धरणाऱ्या तीन दांड्यांपैकी वरची) एक उभी पट्टी, बस. बऱ्याच जणांना आवडलं. आणि मग परवा रात्री पावणेबाराला एक कमेंट पडली. नाव नाही, नुसतं 'एक शेतकरी'. आहे तशी देतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी सोयीचं तेवढं उचललं:

"साहेब, टायरात पाणी भरलं असतं तर फुकटात काम झालं असतं, पण मुंबईत बसून असलेच उद्योग सुचणार. पिना नुसत्या सिमेंटात रोवल्यात, आरपार रॉड नाही, एक दिवस उपटून येतील. टॉप लिंकची पट्टी बुटकी वाटते. २०० किलो लिहिलंय, फोटोवरून २५० च्या खाली वाटत नाही. लोकांना मारायचंय का?"

आता पहिल्यांदा, 'साहेब'. मी कुणाचा साहेब नाही. हा शब्द तुम्ही कुठल्या सुरात लिहिलाय ते मला कळतं, तितकं मराठी मला येतं. दादा म्हणा, काका म्हणा, पंचावन्न वय आहे माझं, पण हे 'साहेब' म्हणून चिमटा काढायचं सोडा.

वजनाचं आधी मिटवून टाकतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि मी चुकलो की चुकलो म्हणणारा माणूस आहे. मी २०० अंदाजाने लिहिलं होतं. नंतर कुर्ल्याला भंगारवाल्याच्या काट्यावर चढवला तर २६२ भरला. हिशोब सोपा होता खरं तर, २०० लिटरचा ड्रम अर्धा म्हणजे १०० लिटर, काँक्रीट लिटरला जवळजवळ २.४ किलो, म्हणजे २४० झाले, वर पत्रा आणि लोखंड. मी डोक्यात लिटरला २ धरून बसलो होतो. तर मूळ लेखात आकडा दुरुस्त केलाय. झालं समाधान? माझ्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकची उचलायची कपॅसिटी पुस्तिकेत ७५० किलो दिलीय, त्यामुळे ६२ किलोने कुठे आभाळ कोसळत नाही, पण असो, चूक ती चूक.

आता ते 'मुंबईत बसून'.

दादा, माझे वडील परळच्या मिलमध्ये होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. चार महिने वाट बघून वडिलांनी आम्हाला सगळ्यांना मुरबाडजवळ गावी नेऊन टाकलं आणि पुढचे दोन पावसाळे मी आजोबांच्या बैलांमागे गुडघाभर चिखलात काढलेत. चिखलणी, लावणी, बांध घालणे, सगळं. माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर अजून कुदळीची खूण आहे. फोटो टाकला असता पण पाय बघायला कोण येतं इथे. तेव्हा तुम्ही कुठे होतात मला माहीत नाही, कदाचित जन्मला पण नसाल. सातबाऱ्यावर माझं नाव वारसाने आहे, फार्म हाऊसवाल्यांसारखं दाखला 'मॅनेज' करून नाही.

आणि मुंबईत मी काय करत होतो? एसीत बसून कीबोर्ड बडवत नव्हतो. १९८९ पासून तीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक. गिरगावातल्या जाळीच्या दरवाजाच्या लिफ्टपासून ते मुलुंडच्या बावीस मजली टॉवरपर्यंत. तुम्ही मुंबईत कुणाकडे कधी आला असाल तर लिफ्टमध्ये पाटी वाचली असेल, ६ व्यक्ती ४०८ किलो. म्हणजे माणशी ६८ किलो धरलेत. त्या डब्याच्या मागे भिंतीला चिकटून एक चौकट वरखाली होत असते, तिच्यात वजनं रचलेली असतात, आणि ती किती असतात माहितीय? रिकाम्या डब्याचं वजन अधिक भाराच्या चाळीस ते पन्नास टक्के. पूर्ण भाराइतकं नाही! का, तर लिफ्ट बहुतेक वेळा ना रिकामी असते ना पूर्ण भरलेली, मधल्या भाराला तोल साधला की मोटरला कमीत कमी ओढावं लागतं. आणि ती वजनं नेहमी बिडाचीच असतात असं नाही हं, सिमेंटचे ठोकळे पण असतात, पत्र्याच्या खोळीत भरलेले. पोटमाळ्याएवढ्या मशीन रूममध्ये तीस वर्षं तोलाचा हिशोब केलेल्या माणसाला काँक्रीट भरलेल्या ड्रमवरून 'असलेच उद्योग' म्हणताना जरा विचार करायचा होता.

बरं, आता टायरात पाणी. हे लिहिताना तुम्हाला वाटलं असेल की एका वाक्यात उडवला याला. तर ऐका.

मस्जिद बंदरला कधी हातगाडी भरताना बघितलीय? दोन चाकं, लांब दांडा. माल बरोबर चाकांच्या वर रचला तर दांडा ना वर जातो ना खाली, नुसती चाकं जड होतात. तोच माल चाकांच्या मागे सरकवला की दांडा पुढून उचलला जातो, इतका की पोरगा लटकला तरी खाली येत नाही. ट्रॅक्टरचं डिट्टो तेच आहे. टायरात भरलेलं पाणी मागच्या एक्सलवरच बसतं. ते मागची चाकं जड करतं, मान्य, पण पुढच्या एक्सलवरचा एक किलो पण कमी करत नाही. आणि माझी अडचण पुढे होती.

आकड्यात सांगतो म्हणजे 'मुंबईत बसून' वाटणार नाही. माझ्या ट्रॅक्टरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, धरा दीड मीटर. पुढच्या लोडरच्या बकेटमध्ये २५० किलो ओलं शेणखत, पुढच्या एक्सलपासून मीटरभर पुढे. म्हणजे मागच्या चाकांवरचं साधारण १६७ किलो वजन उडालं आणि पुढच्या एक्सलवर २५० नाही तर ४१७ किलो वाढले. पुढचा एक्सल काय तेवढ्यासाठी बनवलेला असतो का मिनी ट्रॅक्टरचा? आता मागे लोअर लिंकवर, म्हणजे खालच्या दोन दांड्यांवर, एक्सलपासून पाऊण मीटर मागे, २६२ किलोचा ड्रम टांगला. पुढचे १३१ किलो कमी झाले, आणि मागे २६२ नाही, ३९३ वाढले. एकाच ड्रमात दोन्ही कामं. तेच माझ्या दोन टायरात पाऊण पाऊण भरून साठ साठ लिटर पाणी घातलं तर मागे १२० वाढतील, पुढे शून्य फरक. हे तुमच्या फुकटातलं काम.

आणि फुकट पण नाही ते. पाणी भरलेला टायर पंक्चर झाला की आमच्या इथला पंक्चरवाला हात जोडतो. शिवाय ते पाणी कायम चाकात. जूनमध्ये खाचरात चिखलणीला उतरायचं असतं तेव्हा प्रत्येक जादा किलो चाक खाली घालतो, तेव्हा काय पाणी सोडत बसू? ड्रम तीन पिना काढल्या की शेडमध्ये. हां, नांगरणीला चाक घसरत असेल तर पाणी चांगलं, आणि वजन खाली राहतं म्हणून उतारावर बसका पण राहतो ट्रॅक्टर, ते मी नाकारत नाही. पण लोडरवाल्याला पाणी हे उत्तर नाही, नुसतं पाणी तर नाहीच.

मला हे वजन का सुचलं ते मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण बायको वाचते. पण आता लिहितोच. मागच्या मार्चमध्ये गोठ्याकडून खाचराकडे उतारावरून येत होतो, बकेटमध्ये ओला मुरूम, गच्च, आणि बकेट दिसायला अडचण नको म्हणून छातीएवढी वर धरलेली. मागे काहीच नाही. उताराला लागल्यावर वेग वाढला म्हणून दोन्ही ब्रेक दाबले. ब्रेक लागले, चाकं थांबली, ट्रॅक्टर थांबला नाही. मागची दोन्ही चाकं जाम होऊन बारीक खडीवरून नुसती सरकतायत, खर्रर्र असा आवाज, आणि सीट माझ्या खालून हळूच वर येतेय असं वाटायला लागलं. कारण या ट्रॅक्टरांना ब्रेक मागच्याच चाकांना असतात, आणि मागच्या चाकांवर वजनच उरलं नाही तर पाय कितीही दाबा. मग डोक्यात आलं आणि बकेट खाली सोडली, ती जमिनीत घुसली, आणि थांबलो. बांधापासून दोन हात. स्टिअरिंगवरचा हात सुटायला वेळ लागला, बोटं अशी वळलेलीच राहिली होती. फोर व्हील टाकलेला असता तर ब्रेकचा ताण पुढच्या चाकांपर्यंत पण गेला असता, ती चूक माझी. पण मूळ दुखणं मागे वजन नाही हेच. तिथून आल्यावर मी ड्रम शोधायला लागलो. 'लोकांना मारायचंय का' हे मला विचारताय?

ड्रमवरून आठवलं, मूळ लेखात राहिलं होतं म्हणून इथे सांगतो. कुर्ल्याला ड्रम घेताना आत काय होतं ते विचारा. थिनर, पेट्रोल, केमिकल असलं काही असेल तर ग्राइंडर लावू नका, गॅस कटर तर नाहीच, आत वाफ राहिलेली असते आणि ड्रमचा बॉम्ब होतो. मी खाद्यतेलाचा घेतला आणि तरी छन्नी-हातोड्याने कापला, शेजारच्या गाळेवाल्याने शिव्या दिल्या, दिल्या तर दिल्या. आणि सिमेंट एकच गोणी लागते, १:२:४ ला (सिमेंट, वाळू, खडी) ५० किलोच्या गोणीत अंदाजे दीडशे लिटर माल होतो, म्हणजे अर्धा ड्रम भरून उरतो. उरलेल्यात मी शेडची पायरी केली.

राहिला तुमचा पिनांचा मुद्दा आणि टॉप लिंकचा. ह्यावर फार वेळ घालवायची गरज वाटत नाही. कॅटेगरी वनला, म्हणजे लहान ट्रॅक्टरच्या जोडणीच्या ठरलेल्या मापाला, खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ ची, हे कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला माहीत असतं, मी माझ्या मापाने केल्या. काँक्रीटमध्ये सळई रोवून अख्ख्या बिल्डिंगी उभ्या आहेत मुंबईत, त्यात पिन नाही राहणार? आता कुणी म्हणेल की बिल्डिंगच्या सळईला दर खड्ड्याला हिसका बसत नाही, तर ठीक आहे, म्हणा. टॉप लिंकची पट्टी खालच्या पिनांपासून अठरा इंच वर हवी, माझी चौदा होती, त्याने ड्रम उचलताना जरा कलतो. कलतो, पडत नाही. हे सगळं तुम्ही नीट भाषेत विचारलं असतं तर मी नीट सांगितलं असतं. ज्या माणसाला बोलायची रीत नाही त्याच्याकडून वेल्डिंगची रीत मी का शिकायची?

आणि हो, कुणीतरी त्या कमेंटला खाली अंगठा पण दिलाय. तुमचाच दुसरा अकाउंट असेल. असो, आरोप करत नाही.

तर माहितीसाठी. ह्या शनिवारी मी दुसरा ड्रम भरला. ह्यात २८ चा रॉड आरपार घातलाय, ड्रमच्या दोन्ही बाजूंनी भोक पाडून, दोन्ही टोकं लेथवर २२ ची करून घेतली, आत रॉडला चार आडव्या सळया वेल्ड केल्यात म्हणजे काँक्रीटमध्ये गरगर फिरायला नको, आणि टॉप लिंकची पट्टी थेट त्या रॉडलाच वेल्ड करून अठरा इंच वर काढलीय. हे तुमच्या कमेंटमुळे केलेलं नाही हे स्पष्ट लिहितो. साकीनाक्याचा माझा वेल्डर मागेच म्हणाला होता की काका आरपार टाका, मीच तेव्हा घाईत होतो. आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ठेवणार, एकवीस दिवसांनी टेम्पोत घालून कल्याणवरून मुरबाड.

जुना ड्रम गावी शेडमध्ये पडून आहे. तुम्ही खरंच शेतकरी असाल आणि त्या बाजूला राहत असाल तर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. फक्त उजव्या बाजूची पिन जरा हलते, ती बघून घ्या.