डचांचा दाखला अर्धाच का?

समुद्रात भराव घालून केलेल्या मुंबईच्या कोस्टल रोडवर वाद रंगला की कुणीतरी मला हटकून ऐकवतं, "तुमच्या डचांनी समुद्र हटवून देश उभा केला आणि आम्ही एक रस्ता केला तर केवढी बोंब!" मी रॉटरडॅममध्ये राहतो, त्यामुळे आयताच सापडतो.

म्हणणं अगदीच चूक नाही. मुंबई वाढली ती भरावावरच. अठराव्या शतकात हॉर्नबीच्या बांधाने वरळीची खाडी अडवली, तेव्हा कुठे बेटं जुळू लागली. भरावाबरोबर लबाडीही जुनीच. १८६५ मध्ये दक्षिण मुंबईतला बॅकबे हा उपसागर भरणाऱ्या कंपनीचे शेअर कोसळले, कित्येकांचं दिवाळं निघालं. पुढे १९२० च्या दशकात तिथल्याच भरावातला गैरकारभार वीर नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला. गंमत बघा, त्याच भरावाच्या टोकाला आज त्यांचं नाव आहे, नरिमन पॉइंट.

आता डचांचं. रॉटरडॅमने बंदरासाठी समुद्रात सुमारे २,००० हेक्टर भराव घातला, २०१३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण २००५ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो आराखडा अडवला होता. एक कारण माशांच्या इवल्याशा पिल्लांचं! प्रवाह बदलला तर ती उत्तरेच्या वाडन समुद्रात पोचतील का, याचा पुरेसा अभ्यास झाला नव्हता. तो नव्याने झाला, मग २००८ मध्ये काम सुरू झालं. भरपाई म्हणून जवळचा सुमारे २५,००० हेक्टर समुद्रतळ राखीव ठेवला.

डच काही संत नव्हेत. रॉटरडॅम बंदराचा युरोपोर्ट हा भाग बांधताना यांनीच 'दे बेर' हे पक्ष्यांचं अभयारण्य गाडलं होतं.

आपल्याकडेही जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कोस्टल रोडची मंजुरी रद्द केली. डिसेंबरात त्या निकालाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली, काम पुन्हा सुरू. फरक मला इथे दिसतो: तिकडे आधी अभ्यास, मग काम.

वरळीचंच घ्या. तिथल्या कोस्टल रोडच्या पुलाच्या दोन खांबांत साठ मीटर अंतर ठेवलं होतं. खवळलेल्या पाण्यात बोटी खांबांवर आदळतील, हे कोळी जीव तोडून सांगत होते. आंदोलनं झाली, समुद्रातलं काम अडवलं गेलं, तेव्हा २०२२ च्या अखेरीस एकशेवीस मीटर मान्य झाले. हे शहाणपण हॉलंडहून आलेलं नव्हतं.

आता वर्सोव्यापासून भाईंदरकडे रस्ता न्यायचाय. वाटेत खारफुटी आहे, कोळीवाडे आहेत. नकाशा पक्का करण्याआधी तिथल्या नाखव्यांना बोलवा. डचांना मागाहून बोलवलंत तरी चालेल.