दर्या अचानक आटला तर तिसऱ्या (शिंपल्या) वेचायला जायचं नाही

पोस्ट मोठी आहे, पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तरी पूर्ण वाचा ही विनंती.

५ नोव्हेंबर हा जागतिक सुनामी जागृती दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेला. त्या वेळेला आपल्याकडे गोव्यात पर्यटनाचा सीझन सुरू होत असतो, किनाऱ्यावर शॅक म्हणजे झोपडीवजा हॉटेलं उभी राहत असतात, माणसं कामात बुडालेली असतात आणि सुनामी हा विषय कोणाच्या डोक्यातही नसतो. मी विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं, अरे ती तिकडे मद्रासच्या बाजूला, आपल्याकडे कधी आलीय?

आलीय. लहान होती म्हणून कळली नाही, एवढंच. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीची नोंद आपल्या मुरगाव बंदरातल्या भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्रावर झालेली आहे. म्हणजे सुमात्राजवळ उठलेली लाट श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर आली, केरळात कोल्लमकडच्या आलप्पाडमध्ये माणसं मेली, आणि आपल्यापर्यंत येताना ती ओसरलेली होती. पण आपल्याला खरी काळजी सुमात्राची नाहीच, मकरानची आहे. पाकिस्तान आणि इराणच्या किनाऱ्यालगत समुद्राखाली भूकंपाचा मोठा पट्टा आहे, आणि तिथे २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे साडेतीनच्या सुमारास ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तिकडच्या किनाऱ्यावर पासनी, ओरमाराकडे हाहाकार झाला, कच्छला फटका बसला, आणि सकाळी आठच्या पुढे मुंबईत दोनेक मीटरच्या लाटा आल्या, वर्सोवा, हाजी अली या भागात मिळून पंधराएक माणसं वाहून गेली. तेव्हाची मुंबई आणि तेव्हाचा किनारा आठवा, आणि आजची कळंगुट-बागाची डिसेंबरमधली संध्याकाळ डोळ्यासमोर आणा.

आता माझा मुद्दा. सुनामीबद्दल जे काही आपण टीव्हीवर बघितलंय त्यातून एकच गोष्ट डोक्यात बसलीय की जमीन हादरली की पळायचं. अंदमानला, जपानला हे बरोबर आहे. गोव्यात ते पुरेसं नाही. मकरानला भूकंप झाला तर आपल्याकडे कपातला चहासुद्धा हलणार नाही कदाचित. म्हणजे आपल्याला पायाखालून इशारा मिळणार नाही, तो एकतर हैदराबादहून येणार किंवा मग समुद्रच देणार. आणि उलट बाजूने बघितलं तर आपल्याकडे एक गोष्ट आहे जी जपानला मिळत नाही, वेळ. तिथे काही मिनिटं असतात, आपल्याला काही तास मिळू शकतात. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था, २००७ पासून सुनामीचा इशारा देण्याचं काम करतंय, मोठा भूकंप झाला की दहाएक मिनिटांत त्यांचं पहिलं बुलेटिन निघतं, समुद्राच्या तळाशी दाब मोजणारी यंत्रं आहेत, किनाऱ्यावर यंत्रं आहेत. इथपर्यंत यंत्रणा चांगली आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

पण हैदराबादहून दिल्लीला, पणजीला, जिल्ह्याला, आणि मग? पहाटे साडेतीनला आमच्या मांद्र्याच्या किनाऱ्यावर होडीजवळ झोपलेल्या माणसाला कोण उठवणार? कोणत्या वाड्यावर कोण जाणार? गेल्यावर लोकांना कुठे जा म्हणून सांगणार? याचं उत्तर गावात कोणालाच पाठ नसेल तर हातात आलेले तास फोनाफोनीत जातील. मोबाईलवर अलर्ट येईल, बरोबर, २०२३ मध्ये देशभर टेस्ट अलर्ट आले होते, फोन कर्कश्श वाजले होते आठवत असेल. बहुतेकांनी ओके दाबून फोन खिशात टाकला. अलर्ट आला तर पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं नसेल तर खऱ्या दिवशीही ओकेच दाबलं जाणार.

मुलांचं सांगतो. शेजारपाजारची चार-पाच मुलं अभ्यासाला येतात, त्यांना एकदा विचारलं, दर्याचं पाणी अचानक लांब मागे गेलं, कधी दिसत नाहीत ते खडक उघडे पडले, तर तुम्ही काय कराल? सगळ्यात धाकटी लगेच म्हणाली, "तिसऱ्या काढायला जाऊ!" दुसरा म्हणाला, मासे तडफडत असतील, बाबांना बोलवून आणीन, टोपली घेऊन जाऊ. त्यांचं काहीच चुकलेलं नाही, ओहोटी लागली की तिसऱ्या, खुबे काढायला जायचं हेच त्यांनी आईबरोबर, आजीबरोबर केलंय. पण २००४ ला कितीतरी ठिकाणी माणसं नेमकी अशीच मागे गेलेल्या पाण्यात मासे गोळा करायला, बघायला गेली आणि परत आली नाहीत. त्याच दिवशी थायलंडला फुकेतच्या एका बीचवर दहा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीने पाण्याचं विचित्र वागणं ओळखलं, कारण थोड्याच दिवसांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला ते शिकवलं होतं, तिने आईवडलांच्या मागे लागून बीच रिकामा करायला लावला आणि शंभरेक माणसं वाचली. एक तास. भूगोलाचा एक तास. आपल्या किनारी शाळांमध्ये, मराठी असो कोंकणी असो इंग्रजी असो, हा एक तास दरवर्षी झालाच पाहिजे.

आणि हेही मुलांना सांगायला हवं की पाणी दरवेळी आधी मागे जातंच असं नाही, कधी थेट चढतं. पहिली लाट सगळ्यात मोठी असतेच असं नाही, दुसरी-तिसरी मोठी असू शकते, दोन लाटांत दहा मिनिटांपासून तासाभराचं अंतर असू शकतं. पहिली ओसरली म्हणून घरातली कागदपत्रं आणायला, होडी बघायला खाली उतरणाऱ्यांचे जीव जातात. अधिकृतपणे संपलं असं कळेपर्यंत वरच थांबायचं. समुद्रात असलेल्या ट्रॉलरने इशारा मिळाल्यावर जेटीकडे धावायचं नाही, खोल पाण्यात जाऊन थांबायचं, खोल पाण्यात ही लाट जाणवतही नाही.

पुदुच्चेरीजवळचं नल्लवाडू गाव. २००४ ला त्या गावातला एक तरुण सिंगापूरला कामाला होता, त्याने टीव्हीवर बातमी बघितली आणि घरी फोन केला. गावात आधीपासून एक माहिती केंद्र होतं, त्याचा लाऊडस्पीकर होता, लोकांनी केंद्राचं कुलूप तोडून त्यावरून घोषणा केली आणि सगळं गाव वेळेत बाहेर पडलं. आपल्याकडे तर दर दोन घरांमागे कोणी गल्फला, कोणी बोटीवर, कोणी लंडनला. देवळात लाऊडस्पीकर आहे, चॅपलला घंटा आहे. ओखी चक्रीवादळाच्या वेळी, डिसेंबर २०१७ ला, पाणी आमच्या पेडण्याच्या किनाऱ्यावर शॅकमध्ये घुसलं तेव्हा वादळ शेकडो किलोमीटर लांब होतं आणि तरी खुर्च्या-टेबलं वाहून गेली, तेव्हाही लोकांना एकमेकांच्या फोनवरूनच कळत होतं. मग ही गावातली साधनं, ही नाती आधीच कागदावर बांधून ठेवायला काय हरकत आहे? घंटा कोण वाजवणार, देवळाची चावी कोणाकडे, ते गावात नसतील तर कोणाकडे.

कुठे जायचं हा प्रश्न प्रत्येक गावाचा वेगळा आहे, पणजीत बसून एक नकाशा काढून सुटणारा नाही. हरमल, मांद्रे, मोरजीला डोंगर पाठीशीच आहे, चालत वर जाता येतं. पणजीतल्या मिरामारवाल्यांना आल्तिनोची टेकडी. पण सासष्टीत जा, बाणावली, वार्का, केळशी आणि खाली मोबोरपर्यंत, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला साळ नदी, मधे सपाट पट्टी. तिथे सगळे गाड्या काढून पुलाकडे धावले तर पूल जाम होणार आणि माणसं गाडीतच अडकणार. तिथे उत्तर वेगळं, जवळची पक्की काँक्रीटची उंच इमारत, तिसरा मजला किंवा वर. मग ती इमारत बहुतेक हॉटेलची असणार, तर त्या हॉटेलशी पंचायतीने आधी बोलायला नको का, की त्या दिवशी गेटवर वॉचमन गाववाल्यांना अडवणार नाही म्हणून?

नदीकाठच्यांनीही आपण लांब आहोत असं समजू नये. सुनामी नदीच्या मुखातून आत शिरते. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी, सगळीकडे खाजनं आहेत, ती जमीन मुळातच भरतीच्या पातळीच्या खाली, बांध आणि मानशीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांच्या, भरवशावर उभी. बांधाची डागडुजी हा विषय आपण शेतीचा समजतो, तो जिवाचाही आहे.

आणि पर्यटन. बोर्ड लावले तर टुरिस्ट घाबरतील, हे मी मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. फुकेतला बीचवर सुनामीचे निळे बोर्ड आहेत, बाण आहेत, तिथे टुरिस्ट जायचे थांबले का? उलट शॅकवर काम करणारी पोरं नेपाळची, ईशान्येकडची, ट्रॉलरवरचे खलाशी ओडिशा-झारखंडचे, मोरजीत रशियन. यांना कोण सांगणार? बोर्डावर चित्र आणि बाण असला की भाषा लागतच नाही. सीझनच्या आधी लाइफगार्ड, शॅकवाले आणि वॉटरस्पोर्ट्सवाले यांना एकत्र बसवून एक सकाळ सराव घ्यायचा, खर्च तो काय?

हे होऊ शकतं हे ओडिशाने दाखवलंय. युनेस्कोचा सुनामी रेडी म्हणून कार्यक्रम आहे, १२ निकष आहेत, धोक्याचा नकाशा, बाहेर पडायचे रस्ते, फलक, सराव, इशारा पोचवायची सोय वगैरे. २०२० मध्ये ओडिशातल्या वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना ती मान्यता मिळाली, नंतर तिथल्या आणखी गावांना मिळाली. मच्छीमारांची साधी गावं आहेत ती. आपल्या पंचायतींकडे त्यांच्यापेक्षा पैसा कमी नाही. आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर आपल्या दोना पावलालाच आहे, शास्त्रज्ञांना गावात बोलवायला लांब जायला नको.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे. मागणी एवढीच, प्रत्येक वॉर्डाची जायची जागा ठरवा, वाट रंगवा, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची आणि एकट्या राहणाऱ्यांची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे त्यांना उचलून नेणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं लिहा, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी खरंच चालत वर जाऊन किती वेळ लागतो ते मोजा. पेडण्यापासून काणकोणपर्यंत ज्यांना आपल्या पंचायतीत हे द्यायचंय त्यांनी मेसेज करा, अर्जाचा मसुदा मराठीत तयार आहे, पाठवतो. कोंकणीत कोणी करून दिला तर फार बरं होईल.