छळाची गोष्ट सोपी असते: फाल्कोनेत्तीबद्दलच्या एका दंतकथेचा प्रतिवाद

जोन ऑफ आर्कचा, म्हणजे १४३१मध्ये खटला चालवून जिवंत जाळलेल्या त्या फ्रेंच संत मुलीचा, सिनेमातला तो चेहरा तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतो. कातरलेले केस, भरून आलेले डोळे, किंचित विलग झालेले ओठ. त्या फोटोसोबत एक मजकूर फिरत असतो आणि त्याचा गाभा असा: कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाला रने फाल्कोनेत्ती नावाची एक अनोळखी फ्रेंच मुलगी सापडली. 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) या मूकपटासाठी त्याने तिला दगडी फरशीवर तासन्‌तास गुडघ्यांवर बसवलं, तिचे केस भादरले, आणि इतकं छळलं की तिचं डोकं फिरलं. तिने आयुष्यात हा एकच सिनेमा केला, त्यानंतर कधी अभिनय केला नाही, शेवटी जीव दिला. सिनेमाही जळाला आणि पन्नासेक वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळात मिळाला.

एवढी नाट्यमय गोष्ट खरी निघाली असती तर मलाही ती पुढे ढकलायला आवडलं असतं. पण एकेक वाक्य धरून तपासलं की फारसं काही शिल्लक राहत नाही.

आधी 'अनोळखी मुलगी'. फाल्कोनेत्तीचा जन्म २१ जुलै १८९२चा, पॅरिसलगतच्या पांतँ गावातला. १९२७ साली चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ती चौतिशीत होती. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे अभिनय शिकवणाऱ्या संस्थेत, ती शिकली, ओदेओं या नाट्यगृहात तिने कामं केली आणि १९२४मध्ये कोमेदी-फ्रांसेजसारख्या मानाच्या नाट्यसंस्थेत तिचा प्रवेश झाला. तिथे ती फार टिकली नाही, पण पॅरिसच्या व्यावसायिक रंगभूमीवर तिला मागणी होती. ड्रायरने तिला पाहिलं ते 'ला गार्सोन' या नाटकात. हे नाटक ज्या कादंबरीवर बेतलेलं होतं तिने फ्रान्समध्ये एवढी खळबळ उडवली होती की लेखकाचा लेजियन ऑफ ऑनर हा किताब सरकारने काढून घेतला. म्हणजे संत जोनची भूमिका करणारी ही बाई कुठल्या मठातून उचलून आणलेली नव्हती, शहरी चटपटीत नाटकात गाजत होती. ड्रायर दुसऱ्या दिवशी तिला भेटायला गेला, रंगरंगोटीशिवायचा तिचा चेहरा पाहिला आणि त्याला हवी ती खेड्यातली, सोसलेली बाई त्यात दिसली. हे त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलं आहे.

'एकच सिनेमा' हेही चूक. १९१७ साली ती दोन मूकपटांत होती, 'ल क्लाऊन' आणि 'ला कोंतेस द सोमरीव्ह'. त्यांची आज कोणी आठवण काढत नाही, हे खरं. जोननंतर ती पडद्यावर आली नाही, हेही खरं. पण त्या काळच्या फ्रेंच नटांना सिनेमा हा जोडधंदा वाटायचा, पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही रंगभूमीवर असायची. याच सिनेमात जोनवर खटला चालवणाऱ्या बिशप कोशोंची भूमिका करणारा सिल्वँ हा कोमेदी-फ्रांसेजचा सर्वांत ज्येष्ठ नट होता. त्याचे किती सिनेमे तुम्हाला आठवतात? त्याच्याबद्दल मात्र कोणी 'एका सिनेमात होरपळला' असं लिहीत नाही.

आता छळाचा मुद्दा. सगळा मजकूर त्यावरच उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

केस खरे कापले. विग नव्हता, नंतर उगवतील या हिशेबाने सीन शेवटाकडे ठेवला होता असंही नाही, कारण संपूर्ण सिनेमा कथेच्या क्रमानेच चित्रित झाला. पोशाखाचं काम पाहणाऱ्या व्हालेंतीन ह्यूगोने त्या दिवसाचं वर्णन करून ठेवलं आहे: सेटवर शांतता पसरलेली, आणि दिवे लावणाऱ्या कामगारांपर्यंत सगळे हेलावलेले. मेकअप नव्हता, पण तो कोणालाच नव्हता. सगळ्या रंगांच्या छटा टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म नवीन आली होती, तिच्यावर त्वचेचा पोत जसाच्या तसा उमटत असे, आणि ड्रायरला न्यायाधीशांच्या चामखिळी आणि सुरकुत्याही हव्या होत्या.

दगडी फरशीची गोष्ट मात्र पुराव्याने कोणी सांगत नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर इबर्ट यांनी ती लिहिली तेव्हा तिला सेटवरच्या दंतकथा म्हटलं होतं. पुढे सरकवणाऱ्यांनी दंतकथा हा शब्द गाळला आणि फरशी ठेवली. ड्रायर हट्टी होता, एकच शॉट पुन्हा पुन्हा घ्यायचा, याबद्दल वाद नाही. पण त्याने १९६०च्या दशकात सांगितलेली पद्धत वेगळी आहे. दिवसभराचं चित्रण दोघं मिळून पडद्यावर पाहायचे. एखाद्या तुकड्यात काहीतरी चमकून गेलेलं दिसलं की तो तुकडा धरायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे जायचं. नाटकात नटाला आपला चेहरा दिसत नाही. इथे एक कसलेली नटी रोज स्वतःचं काम पाहत होती, त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे दिग्दर्शकाबरोबर ठरवत होती. याला छळ म्हणायचं तर तालमीला काय म्हणणार?

आणि खरा पुरावा सिनेमातच आहे, फक्त अश्रूंच्या पलीकडे पाहायला हवं. सुरुवातीला न्यायाधीश वय विचारतात. ती बोटांवर मोजते, मग म्हणते एकोणीस, बहुधा. प्रार्थना कोणी शिकवली, या प्रश्नावर 'आईने', आणि गालावरून एक थेंब ओघळतो. पुढे ते खिजवायला विचारतात, सेंट मायकेल हा देवदूत तुला दिसला तेव्हा त्याच्या अंगावर कपडे नव्हते का? ती विचारते, देवाला त्याला कपडे देणं परवडत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? केस लांब होते का? त्याने ते का कापावेत? हे प्रश्नोत्तर १४३१च्या खऱ्या खटल्याच्या कागदपत्रांतून आलं आहे. पण ते ऐकू न येता, नुसत्या चेहऱ्यावर, उत्तराआधीच्या अर्ध्या क्षणाच्या थांब्यासह पोचवायचं म्हणजे विनोदी नाटकांत मुरलेल्या नटीचं टायमिंग लागतं. गुडघे सोलवटून ते येत नाही.

केस कापण्याचा प्रसंगही नीट पाहा. जोनने जिवाच्या भीतीने कबुलीजबाबावर सही केलेली असते, म्हणून तिला जन्मठेप मिळालेली. तिच्या डोक्याभोवती कात्री फिरते आणि बाहेर जत्रेत डोंबारी अंग पिळवटून दाखवत असतात. मग तुरुंगातला माणूस खाली पडलेले केस झाडायला घेतो आणि त्यांच्याबरोबर तिने विणलेला गवताचा मुकुटही झाडून नेतो. तिची नजर त्या मुकुटामागे जाते. तिथे ती सही मागे घ्यायचं ठरवते, एकही शब्द न उच्चारता. 'तिने अभिनय केला नाही, ती खरोखरच रडत होती' असं म्हणणाऱ्यांना हा निर्णय कुठून आला ते सांगता येणार नाही. खरं रडू भरपूर लोकांना येतं.

सिनेमा जळाला हा भाग निम्मा बरोबर. मूळ निगेटिव्ह ६ डिसेंबर १९२८ला बर्लिनच्या आगीत गेली. ड्रायरने उरलेल्या शॉट्समधून दुसरी आवृत्ती जुळवली, पुढच्याच वर्षी तिचीही निगेटिव्ह आगीत सापडली. पण तिच्या प्रती शिल्लक होत्या, १९५०च्या दशकात त्यातून संगीत जोडलेली एक आवृत्ती निघाली (ती ड्रायरला अजिबात पटली नाही), आणि १९६२मध्ये फ्रेंच दिग्दर्शक गोदारच्या सिनेमातली नायिका थिएटरात बसून जोनला पाहून रडते, तेव्हा सिनेमा हरवलेला वगैरे नव्हता. १९८१मध्ये ऑस्लोजवळच्या डिकेमार्क मनोरुग्णालयात एका कपाटात डबे मिळाले, ती मूळ आवृत्तीची उत्तम प्रत निघाली. त्या इस्पितळाशी फाल्कोनेत्तीचा काडीचाही संबंध नाही. पण 'वेड' आणि 'इस्पितळ' एकाच पोस्टमध्ये शेजारी शेजारी आले की वाचणारा स्वतःच दोन्ही जोडून घेतो.

राहिलं वेड आणि मौन. जोननंतर फाल्कोनेत्तीने पॅरिसमध्ये स्वतःच्या जबाबदारीवर नाटकं उभी केली. तेआत्र द लाव्हन्यू हे नाट्यगृह चालवायला घेतलं आणि त्यात पैसा घालवला. नाटकवाल्यांना यात काही नवल वाटणार नाही. नोव्हेंबर १९३५मध्ये झाँ जिरोदूचं 'ट्रॉयचं युद्ध होणार नाही' हे नाटक लुई जूव्हेने आतेने नाट्यगृहात रंगमंचावर आणलं. हेक्टरच्या भूमिकेत स्वतः जूव्हे, आणि त्याची बायको आंद्रोमाक झाली होती फाल्कोनेत्ती. पडदा वर गेल्यावर पहिलं वाक्य आंद्रोमाकच्याच तोंडी आहे, आणि नाटकाचं नावही त्याच वाक्यातलं. विसाव्या शतकातल्या फ्रेंच रंगभूमीवरचं एक महत्त्वाचं नाटक, आणि त्याच्या पहिल्या प्रयोगात पहिला आवाज तिचा. जोन प्रदर्शित होऊन सात वर्षं झाली होती.

दुसरं महायुद्ध पेटल्यावर तिने फ्रान्स सोडला. आधी स्वित्झर्लंड, मग दक्षिण अमेरिका. १२ डिसेंबर १९४६ला ब्वेनोस आयरेसमध्ये ती वारली. तिच्या मृत्यूबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. एकीत आत्महत्या आहे, दुसरीत वजन उतरवण्यासाठी केलेली अति कडक उपासमार, आणि ही दुसरी गोष्ट सांगणारे म्हणतात की तिला पुन्हा रंगमंचावर उभं राहायचं होतं. दोन्ही एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. फिरणाऱ्या मजकुराने पहिली उचलली, कारण ती ड्रायरपर्यंत नेऊन पोचवता येते. पण सिनेमा आणि मृत्यू यांच्यामध्ये अठरा वर्षं आहेत. त्यांत एक बुडालेलं नाट्यगृह आहे, आंद्रोमाक आहे, एक महायुद्ध आहे आणि देश सोडावा लागणं आहे. ड्रायरवर आरोप ठेवायचा असेल तर आधी या सगळ्याचं काय करायचं ते सांगा.